बंद कॅसिनोतलं दुसरं कुलूप

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं मी या धाग्यांवर वाचनमात्र होते. खरं सांगायचं तर नुसती वाचत नव्हते, हसत होते. पिंपळाखालची बाई, लिफ्टमधला म्हातारा, मागून येणारे पैंजणांचे आवाज... नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचे आणि दोघं खिदळायचो. घरी गणपती बसतो, संकष्टी होते, पण भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी इंजिनियर आहे, मशीन बंद पडलं की कारण शोधायचं आणि कारण सापडतंच, अशा धंद्यात माझं आयुष्य गेलंय. आज माझाच अनुभव लिहायला बसलेय, तेव्हा आता तुम्ही हसून घ्या.

मी मूळची अमरावतीची. नवरा निखिल पुण्याचा. आम्ही कॅनडात हॅमिल्टनला राहतो आणि दोघं एकाच छोट्या कंपनीत आहोत - मोठ्या इमारतींच्या हीटिंग आणि हवेच्या सिस्टिम्स दुरुस्त करायच्या. मी कंट्रोल्स बघते. निखिल आधी सॉफ्टवेअरमध्ये होता. लेऑफ झाल्यावर वैतागून त्याने हे हाताचं काम शिकून घेतलं आणि आता त्यातच रमलाय. साहेबांनी आम्हाला जोडीनेच साइटवर पाठवायला सुरुवात केली, कारण म्हणे आमच्यात कम्युनिकेशन चांगलं आहे. आमचं घरातलं कम्युनिकेशन त्यांनी ऐकलेलं नाही.

गेल्या नोव्हेंबरात आम्हाला अमेरिकेच्या बॉर्डरजवळ एक काम आलं. हायवेला लागून असलेलं एक बंद कॅसिनो रिसॉर्ट - नाव सांगत नाही. अमेरिकेत जाणाऱ्या पुलाच्या थोडं अलीकडे, एका बंद ड्यूटी-फ्री दुकानाच्या शेजारी. दुमजली हॉटेल, मध्ये कॅसिनोचा प्रचंड हॉल, आणि बसेससाठी एवढं मोठं पार्किंग की त्यात अख्खी जत्रा भरावी. त्याच रस्त्यावर अशी आणखी दोन रिसॉर्ट्स होती. एकाची आता स्टोरेज युनिट्स झालीत आणि दुसऱ्याचा नुसता बोर्ड उरलाय.

तिथे माणूस एकच होतं. डार्लीन. साठीच्या पुढची, सिक्युरिटीचं जॅकेट घालून दाराजवळच्या केबिनमध्ये हीटर लावून बसलेली. आधी ती तिथेच पत्ते वाटायची, म्हणजे डीलर. बोलताना अजूनही तिचे हात नसलेले पत्ते पिसायचे.

"शनिवारी बसेसची लाइन लागायची इथे, हनी," ती सांगत होती. "सगळे अमेरिकन. मग त्यांच्या बाजूलाच कॅसिनो निघाले. मग सगळ्यांच्या फोनवर आला कॅसिनो. आता लोक वॉशरूममध्ये बसून हरतात. इकडे कोण येणार?"

इमारत विकायचं चाललं होतं. गिऱ्हाईक मिळेपर्यंत हिवाळ्यात पाइप फुटू नयेत म्हणून थोडी तरी हीटिंग चालू ठेवायची होती आणि नेमका हॉलवरचा मोठा ब्लोअर बंद पडला होता. ब्लोअर म्हणजे टेबलफॅन नव्हे बरं का. पत्र्याच्या एका खोलीएवढ्या पेटीत माणसाच्या उंचीचं चाक. ते फिरत असताना आत कोणी असेल, तर त्याचं काय होईल ते मी लिहीत नाही.

म्हणून आमच्या धंद्यात एक नियम असतो. मशीनमध्ये शिरण्याआधी त्याचा स्विच बंद करायचा, त्यावर एक लोखंडी पंजा लावायचा - त्याला हॅस्प म्हणतात - आणि जो जो माणूस काम करणार त्याने त्या पंज्यात स्वतःचं कुलूप अडकवायचं. किल्ली आपापल्या खिशात. एक जरी कुलूप लटकत असेल तरी स्विच वर जात नाही. आणि ज्याचं कुलूप, ते त्यानेच काढायचं. साधा नियम आहे, त्याने माणसं वाचतात.

आम्ही दोघं मात्र एकच कुलूप लावायचो. माझं.

हे निखिलचं डोकं. "मंजू, आपण काय परके आहोत का? तू लावलंस म्हणजे मीच लावलं. एका घराला दोन कुलपं कशाला?" कंपनीने दिलेलं त्याचं नवंकोरं लाल कुलूप प्लास्टिकच्या पाकिटात तसंच बॅगेत पडून असायचं. मी एक-दोनदा ओरडले. पण तुम्हाला माहितीये, नवरा-बायकोत असल्या गोष्टी चालून जातात. बँकेचं खातं एक, गाडी एक, तसं कुलूप एक.

त्या दिवशी सकाळी थोडा बर्फ भुरभुरला होता. ब्लोअर हॉलच्या छतावरच्या माळ्यावर, आणि त्याचा स्विच मात्र खाली बेसमेंटमधल्या इलेक्ट्रिकल रूममध्ये - जुन्या इमारतीत असा तिढा असतो. त्या रूमची किल्ली डार्लीनने मला दिली, ती माझ्या खिशात. मी स्विच बंद केला, हॅमिल्टनहून आणलेला आमचा पंजा लावला, त्यात माझं कुलूप अडकवलं आणि नेहमीप्रमाणे फोटो काढला. हा फोटो लक्षात ठेवा. मग दाराला कुलूप घालून वर गेले.

दुपारी निखिल माळ्यावरून उतरला. "झालं. बेल्ट बसला, बेअरिंग पण ओके. मी व्हॅनमधून थर्मास आणतो. चहा घेऊ आणि मग चालू करू."

तो गेला. मी तिथे उभी राहून बोटांवर फुंकर मारत होते. थंडीने जीव नकोसा झाला होता. मी मुळातच उतावळी. म्हटलं चहा होत राहील, आधी ब्लोअर सुरू करू, म्हणजे चहा तरी उबेत होईल. आणि मी खाली बेसमेंटकडे निघाले.

त्या वेळी निखिल कुठे होता ते तुम्हाला आत्ताच सांगून टाकते. मला तेव्हा माहीत नव्हतं. दाराशी पोचायच्या आत त्याच्या लक्षात आलं की पाना आतच राहिला. चाकात पाना राहिला तर ब्लोअरच्या चिंधड्या उडतील. म्हणून तो दुसऱ्या जिन्याने परत माळ्यावर गेला, थंडीसाठी कानाला जाड मफ लावले आणि पेटीत शिरला. अर्धा बाहेर, अर्धा चाकात. निर्धास्त. बायकोचं कुलूप होतं ना खाली.

इलेक्ट्रिकल रूम उघडली. आत गुडुप्प अंधार, फक्त माझा टॉर्च. किल्ली काढली, माझं कुलूप काढलं, खिशात टाकलं. पंजा ओढला. तो निघेना.

परत ओढला. मग टॉर्च नीट मारला... पंज्यात आणखी एक कुलूप होतं.

जुनं होतं. लाल रंग उडून खालचा धातू दिसत होता. सोबत एक टॅग लटकत होता, त्यावरचं नाव उन्हात फिकटल्यासारखं पुसट, वाचता न येण्याजोगं. त्या रूमला खिडकी नाही.

खरं सांगते, मला भीती वाटली नाही. मला राग आला. कोणीतरी दुसरा कॉन्ट्रॅक्टर मला न विचारता माझ्या पंज्यात कुलूप घालून गेला, एवढंच डोक्यात आलं. तणतणत वर डार्लीनकडे गेले.

"अजून कोण आहे बिल्डिंगमध्ये?"

"तुम्ही दोघं आणि मी."

"माझ्या हॅस्पवर कोणाचंतरी लॉक आहे."

तिचे हात थांबले. "कोणी आलेलं नाही, हनी. मी सकाळपासून इथेच आहे. बाहेर बघ, तुमच्या व्हॅनशिवाय चाकाची एक खूण नाही."

मी बघितलं. खरंच नव्हती.

नियम म्हणजे नियम. ज्याचं कुलूप, तो माणूस आत कुठेतरी आहे असंच धरायचं. आम्ही दोघी हॉलमध्ये शिरलो. स्लॉट मशिन्स कधीच उचलून नेलेली, गालिच्यावर त्यांचे चौकोन फक्त राहिलेले. मी ओरडत होते, "हॅलो! एनीबडी वर्किंग हिअर?" माझाच आवाज छताला लागून परत येत होता. वर झरोक्यांची जाळी होती. त्या जाळीच्या वर, अगदी माझ्या डोक्यावर, निखिल चाकात हात घालून बसला होता. त्याच्या कानावर मफ होते. मी मान वर केली असती तरी काही दिसलं नसतं.

किचन पाहिलं. बुफेचा हॉल पाहिला. उलट्या घातलेल्या खुर्च्या आणि धूळ. कोणी नाही.

निखिलला फोन लावला. थेट व्हॉइसमेल. तिथे फोन सारखे पलीकडच्या अमेरिकन टॉवरला चिकटतात, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. म्हटलं हा व्हॅनमध्ये आरामात चहा पीत बसला असेल आणि मी इथे लोकांची कुलपं शोधत फिरतेय!

"कापते मी ते," मी डार्लीनला म्हटलं.

ती जरा अडखळली. "तू बॉस आहेस. पण... इथे लोकांनी घरंदारं घालवली, हनी. अपघात कधी एकही झाला नाही. आमची मेंटेनन्सची माणसं कुलपांच्या बाबतीत फार कडक होती."

"ती माणसं आता कुठेयत?"

"काही रिटायर झाली. काही गेली." तिने खांदे उडवले.

मी कटर आणायला बाहेर पडले. दार उघडलं, पार्किंगमध्ये पाऊल टाकलं आणि थांबले. बर्फात आमच्या सकाळच्या पावलांच्या खुणा होत्या, व्हॅनपासून दारापर्यंत येणाऱ्या. दारापासून व्हॅनकडे जाणारी एकही खूण नव्हती.

निखिल व्हॅनपर्यंत गेलाच नव्हता.

मग माझ्या डोक्यात सगळं एकदम जुळलं. त्याचा पाना. हत्यारं आत विसरून परत घ्यायला जायची त्याची ती जुनी खोड. आणि माझ्या खिशातलं, मी काढून घेतलेलं कुलूप. मी धावले. जिन्यावर एकदा पडले, गुडघा फुटला, तशीच चढले. माळ्यावर पेटीचं दार उघडं होतं आणि त्यातून निखिलचे बूट बाहेर आलेले होते. ते हलत होते.

मी त्याला पायाला धरून अक्षरशः बाहेर खेचलं.

"अगं, काय झालं काय? पाना निघालाच होता..." मफ काढत तो म्हणाला.

"काहून शिरलास आत? कोणाला विचारून शिरलास?" मी त्याला मारत होते. बुक्क्यांनी, जशी लागेल तशी.

"तुझं लॉक आहे ना खाली?"

"नाही! काढलं मी!"

तो पांढराफटक पडला. मग मी तिथे खाली बसून जी रडले... डार्लीन धापा टाकत वर आली तेव्हा तिला वाटलं, कोणी मेलं.

थोड्या वेळाने आम्ही तिघं खाली गेलो. कुलूप तिथेच होतं, म्हणजे माझा भास नव्हता. तिघांनी हात लावून पाहिलं. निखिल एवढंच म्हणत होता, "आधी माझं लॉक लावतो. मग बघू." त्याने बॅगेतून ते पाकीट काढलं, दाताने फाडलं, किल्ली काढली. घाबरलेला माणूस काय करेल सांगता येत नाही - त्याने ती किल्ली आपल्या नव्या कुलपाऐवजी त्या जुन्या कुलपात घातली.

ते उघडलं.

डार्लीनने हळूच छातीवर क्रॉस केला.

आता तुम्ही विचाराल ते सगळं मी स्वतःला विचारून झालंय. सकाळच्या फोटोत पंज्यात एकच कुलूप आहे, माझं. पंजा आमचा, हॅमिल्टनहून आणलेला, त्यामुळे आधीपासून त्यात काही असण्याचा प्रश्नच नाही. रूमची किल्ली माझ्या खिशात होती. डार्लीनकडे दुसरी असेल? तिने नाही म्हटलं, आणि असली तरी गुडघ्यांमुळे ती बेसमेंटचा जिना टाळते, आमच्याबरोबर उतरली तेव्हा कठड्याला धरून धरून उतरली. किल्लीबद्दल एका कुलूपवाल्याला विचारलं. तो म्हणाला, कंपन्या त्याच त्याच किल्ल्या परत बनवतात, दोन कुलपांना एक किल्ली लागणं अशक्य नाही. बरं, मान्य. पण तेच कुलूप, त्याच पंज्यात, त्याच दुपारी? यावर तो नुसता हसला.

ब्लोअर आम्ही सुरू केला. निखिल माझ्या शेजारी उभा होता, मी त्याचा दंड घट्ट धरला होता आणि दुसऱ्या हाताने स्विच वर केला. डोक्यावर ते चाक घरघरत फिरायला लागलं. मला तो आवाज ऐकवेना. जुनं कुलूप आम्ही डार्लीनच्या स्वाधीन केलं. आमचं नव्हतं ते, आम्ही कसं नेणार? उन्हाळ्यात इमारत पाडली असं ऐकलं. डार्लीनचं पुढे काय झालं ठाऊक नाही.

परत येताना व्हॅन मी चालवत होते. हॅमिल्टनची धुराडी दिसायला लागली तेव्हा निखिल म्हणाला, "मंजू, तू स्विच वर केला असतास ना, तर मला काही कळलंही नसतं गं. जे काय कळायचं, ते तुलाच कळलं असतं. आयुष्यभर."

मी गाडी कडेला घेतली, कारण मला पुढचं दिसेना.

तेव्हापासून प्रत्येक साइटवर दोन कुलपं लागतात. ते दुसरं तिथे कोणी लावलं, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही, आणि तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर जरूर सांगा, मी हसणार नाही. सगळे म्हणतात, निखिलचं नशीब थोर. असेलही. पण ज्याने कोणी ते लावलं, त्याने ते माझ्यासाठी लावलं होतं असं मला वाटतं.