नको ते खोडावे

फॉर्म भरताना मी आजही तो आधी पेन्सिलीने भरते, मग दोनदा वाचते आणि मगच पेन हातात घेते. बँकेत माझ्या मागे रांग लागली की लोक चुळबुळ करतात, घरातले तर यावरून माझी उघड टिंगल करतात. करू देत. एका रेघेपायी ज्यांनी चव्वेचाळीस कोंबडे सांभाळले नाहीत, त्यांना यातलं काही कळायचं नाही.

मी तेव्हा सातवीत होते. सत्तरचं दशक सरत आलं होतं. आमचं गाव मुळशी धरणाच्या काठावर, आणि शाळा फक्त सातवीपर्यंत. पुढे शिकायचं तर पौडला हायस्कूल होतं, पण रोज जाऊन-येऊन करण्याइतकं ते जवळ नव्हतं. एसटी दिवसातून दोनदा यायची, तीही तिच्या मनात असलं तर. माझे वडील, म्हणजे आबा, रस्त्याच्या गँगमध्ये खडी पसरायच्या कामावर होते. त्यांना सहीपुरतंही अक्षर येत नव्हतं. आईला जेमतेम बाराखडी यायची. घरातली पहिली शिकलेली मी, आणि त्याचा मला जरा जास्तच ताठा होता.

पौडला एसटी स्टँडाजवळ मावशीची चहा-आम्लेटची गाडी होती. तिने आईला तोंडावर सांगितलं होतं, "पोरीला ठिवते मी. पर मला रोज अंडी लागत्यात, ती तुमी पुरवायची. नुसतं नातं सांगून तीन वर्सं मानूस जेवायला घालनं मला जमायचं न्हाई." आईला ते लागलं नाही, कारण त्यात खोटं काही नव्हतं. तेव्हा असं ठरलं की आम्ही कोंबड्या पाळायच्या, अंडी सकाळच्या एसटीने पौडला धाडायची आणि त्या अंड्यांवर मी मावशीकडे राहून दहावी व्हायचं.

गावरान कोंबड्यांचा भरवसा नव्हता. त्या थोडे दिवस अंडी देतात आणि मग खुडूक होऊन बसतात. म्हणून आबांनी मशीनची पिल्लं आणायचं मनावर घेतलं. पुण्याकडे एक हॅचरी होती, तिथे एका दिवसाच्या पिल्लांतली नर कोणती, मादी कोणती हे ओळखून ती वेगवेगळी विकतात, असं त्यांना पौडच्या बाजारात कळलं होतं. शेजारच्या काकीला हे काही पटेना. तिचा जन्म कोंबड्या पाळण्यात गेलेला. ती म्हणाली, "येका दिसाच्या पिल्लाचं काय वळाकनार? त्या पिल्लाला तरी ठावं आसतंय का?" पण आबांनी छापील कागद आणला होता, आणि छापील कागदावर त्यांचा फार विश्वास. तो त्यांनी माझ्यापुढे ठेवला. "तू भर. तुला येतंय."

मी भरला. नाव, गाव, पोस्ट, तालुका, संख्या पन्नास. मग एक ओळ होती: नर / मादी. त्याच आठवड्यात शाळेत चाचणी झाली होती आणि 'योग्य शब्दाखाली रेघ ओढा' या प्रश्नात मला पैकीच्या पैकी गुण होते. मी शाईपेन घेतलं आणि 'मादी'ला ठसठशीत रेघ ओढली. पेन गळकं होतं. आबा माझ्या खांद्यावरून कौतुकाने बघत होते. त्या ओळीच्या शेवटी कंसात मुंगीएवढ्या अक्षरांत आणखी काहीतरी छापलेलं होतं, ते वाचायची मला गरज वाटली नाही.

पिल्लं आली ती भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, आबांच्या मांडीवर बसून. आमच्या धरणाची वीज डोंगराखाली मुंबईकडे जायची, आमच्याकडे कंदीलच. आईने तो पेटवून पिल्लांच्या मधोमध ठेवला आणि ती त्याच्याभोवती दाटीवाटीने बसली. सहा दगावली, बाकीची तरारली. शाळेतून आले की मी त्यांना कण्या टाकायची आणि मनातल्या मनात हायस्कुलाचा गणवेश अंगात घालून बघायची.

तीन आठवडे असे चांगले गेले. मग एक दिवस शाळेत गुरुजी आमच्याकडून परीक्षेचे अर्ज भरून घेत होते. ते म्हणाले, "हे कंसात काय आहे बघा. 'नको ते खोडावे.' म्हणजे जे लागू नाही त्याच्यावर रेघ मारायची. जे हवंय त्याला हात लावायचा नाही."

ती मुंगीएवढी अक्षरं मी वाचली नव्हती, तरी काय होती ते मला तिथे बसल्या बसल्या कळलं. आता प्रश्न एवढाच होता की मी रेघ शब्दाच्या खाली ओढली होती की शब्दावरून. मी वहीच्या मागच्या पानावर 'मादी', 'मादी' असं लिहून त्याला रेघा ओढून बघू लागले. कधी रेघ खाली जाई, कधी अक्षरांना चिकटे. शेजारी बसणारी मुलगी वाकून बघायला लागली, तेव्हा मी ते पान फाडलं.

त्या दिवसापासून मला घास गोड लागला नाही. सांगायचं तर कोणाला? आबा काय म्हणतील ते मी मनातल्या मनात शंभरदा ऐकलं होतं: सात वर्षं शाळेत जाऊन एक कागद धड भरता आला नाही, मग आणखी तीन वर्षं जाऊन काय दिवे लावणार? आणि मला भीती वाटत होती ती त्यांच्या रागाची नाही. हा प्रश्न मला स्वतःलाच बिनचूक वाटत होता, त्याची.

मराठीत पिल्लू 'ते' असतं, याचा मला त्या दिवसांत फार आधार होता. ते खातंय, ते झोपलंय, असं म्हणता येतं तोवर कशाचाच निकाल लागलेला नसतो. घरात सगळे तसंच बोलायचे. मी तर इतरांच्या आधी घाईने बोलून टाकायची, म्हणजे कोणाच्या तोंडून दुसरा शब्द निघायला नको. पण पिसं पांढरी झाली आणि डोक्यांवर तुरे फुटले. आधी गुलाबी होते, मग लाल होत गेले. आई म्हणायची, "विंग्लिश कोंबडीलाबी मोठा तुरा आसतोय म्हनं." मी म्हणायची, "आसतो." आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचं टाळायचो.

एक दिवस काकी कुडापाशी थांबली. एका पिल्लाने मानेची पिसं फुलवून दुसऱ्याच्या अंगावर झेप घेतली. काकी हसून म्हणाली, "ह्यो लई तापट हाय गं." आणि घागर घेऊन पाण्याला निघून गेली. ह्यो म्हणाली ती. मी तिथेच मातीत बसले.

तरीही मी घरी बोलले नाही. परीक्षा झाली, चैत्र सरला. एका सकाळी त्यातल्या सगळ्यात दांडग्याने मान ताणली आणि पत्रा फाटावा तसा आवाज काढला. ते पुरतं आरवणं नव्हतं, पण कोंबडीचा आवाज तो नव्हे हे बहिऱ्यालाही कळलं असतं. आबा मागच्या दारी राखुंडीने दात घासत होते. मी धावत जाऊन त्याला पकडलं, डालग्याखाली कोंडलं, वर गोणपाट टाकलं आणि त्यावर चढून बसले. दुसऱ्या दिवशी दोघे आरवले, म्हणून मी दोन डालगी केली. कोंबडं झाकण्यावर मराठीत एक म्हण आहे. ती रचणाऱ्याने मला पाहिलं असावं, असं मला कायम वाटत आलं आहे.

तिसऱ्या सकाळी अंगणाच्या पाच-सहा कोपऱ्यांतून एकदम आवाज उठला. मी एका डालग्यावर बसलेली होते आणि आबा हातात तांब्या घेऊन समोर उभे राहिले.

"ऊठ."

मी उठले. त्यांनी डालगं उचललं आणि आत बघितलं. "ह्याला हितं का डाललाय?"

त्यांनी सगळ्या अंगणावरून नजर फिरवली. जिकडे बघावं तिकडे लालभडक तुरे. आई चुलीपासून उठून दारात आली आणि तिने तोंडाला पदर लावला. कुडापलीकडून काकी म्हणाली, "येक येक करून जत्रंला तरी इकले आसते. पर देवाला पांढरा चालत न्हाई." आमचे देव आजोबांनी बौद्ध दीक्षा घेतली तेव्हाच धरणात सोडले होते, तेव्हा देवाला काय चालतं याच्याशी आम्हाला काही घेणं नव्हतं. पण बाजाराची तीही वाट बंद झाली.

"फसावलं," आबा म्हणाले. "छापील कागद दिऊन फसावलं आमाला."

दुसऱ्या दिवशी कामावर खाडा करून, पिशवीत एक कोंबडा घालून ते पहिल्या एसटीने निघाले. मी फाट्यापर्यंत पिशवी धरून गेले. वाटेत बोलायला भरपूर वेळ होता. मी कोंबड्याला वारा लागतोय का, एवढंच बघत राहिले. एसटी गेली आणि मग माझ्या लक्षात आलं की तिथला माणूस आबांपुढे माझाच कागद काढून ठेवणार.

तो दिवस सरता सरेना. आई दुपारी तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "मावशीला काय निरोप धाडायचा आता?" मी म्हणाले, "थांब जरा." कशासाठी थांब, ते तिनेही विचारलं नाही.

आबा संध्याकाळच्या एसटीने आले. पिशवीत कोंबडा तसाच होता. त्यांनी पाय धुतले, ओट्यावर बसले आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. "त्यानं ह्यो दिला. म्हनला, ज्यानं भरला त्याच्याकडनंच वाचून घ्या. वाच. काय लिवलंय?"

त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. मी तिथे काहीही वाचून दाखवलं असतं, तरी ते त्यांना खरं वाटलं असतं. हॅचरीची चूक झाली असं म्हटलं असतं, तर तेही. कागद हातात धरून मी हा विचार केला, हे मी लपवत नाही. रेघ 'म'च्या पायाशी सुरू होऊन 'दी'च्या पोटातून आरपार गेली होती.

मी सांगितलं. कंसातलं सांगितलं, चाचणीतला प्रश्न सांगितला, वहीतलं फाडलेलं पान सांगितलं.

"म्हंजी त्यांनी फसावलं न्हाई."

"न्हाई."

"रेघ तू मारलीस."

"व्हय."

आबा बराच वेळ कागदाकडे बघत राहिले, जणू बघून बघून तो वाचता येणार होता. मग म्हणाले, "माझ्या डोळ्यांम्होरं मारलीस. मी हुभा राहून बघत व्हतो, आन् मला कळलं न्हाई." ते मला रागावले असते तर मी रडले नसते.

दोन दिवसांनी आबाच पिशवीतून दोन कोंबडे घेऊन मावशीकडे गेले. मावशीने ते हातात तोलून पाहिले. "आखाडात डायवर-कंडक्टर कोंबडंच मागत्यात. हे वर्स चालंल. फुडच्या वर्सी मातर अंडीच पायजेत," ती म्हणाली. मला मिळालं ते एकच वर्ष होतं, आणि तेही कोंबड्यांच्या जिवावर.

जूनमध्ये आबांनी मला पौडच्या हायस्कुलात नेलं. कारकुनाने अर्ज आबांच्या हातात दिला, आबांनी तो माझ्यापुढे सरकवला. नाव, गाव, पोस्ट, तालुका. मग एक ओळ आली: मुलगा / मुलगी. पुढे कंस होता. तो मी तीनदा वाचला. पेन उचललं, आणि ते कागदाला टेकेना.

आबा माझ्या खांद्यावरून बघत होते. या वेळी त्यांनी अगदी जवळ मान आणली होती. मी रेघ मारली.

"कंचं खोडलंस?" त्यांनी हळूच विचारलं.

"मुलगा."

"मग ऱ्हायलं काय?"

"मुलगी."

त्यांनी त्या न खोडलेल्या शब्दावर बोट ठेवलं आणि शाई वाळेपर्यंत ते तिथून हलवलं नाही.