मावशीचं दोन किलोचं वजन

उन्हाळा लागला का मी लोकायच्या गाड्यायमंदी डोकावतो. अमरावतीले राजापेठेत क्लासच्या गल्लीत दोन्ही बाजूनं चारचाक्या उभ्या असतात. मी चालता चालता काचेले नाक लावतो, डोळ्याच्या बाजूनं पंजे धरतो, मागची सीट पाहून घेतो अन् पुढच्या गाडीकडं जातो. याच्यापायी मी लय बोलणे खाल्ले. "काय पाहून राहिला बे?" "गाडीतला टेप चोरतं का?" एका काकूनं तं इचारलं, "बेटा, केस बरोबर दिसून राहिले का आमच्या काचीत?" मी तिच्याच आवाजात म्हणलं, "हो ना बाई, पण भांग जरासा वाकडा झाला." आधी चिडली, मंग हसली. आवाज काढणं हा माहा धंदा म्हणा का रोग म्हणा. गॅदरिंगमंदी सरायचे आवाज, वाढदिवसाले कुत्र्या-मांजराचे, रूमवर घरमालकाचा.

गाड्यायमंदी डोकावायचा रोग मात्र मले मूर्तिजापूरले लागला. आवाज काढायचाही तिथंच लागला, एकाच दुपारी.

पाच वर्षांचा होतो मी. आमचं गाव नांदगाव खंडेश्वर तालुक्यातलं. बाबांनी तवा सेकंडहँड व्हॅन घेतली होती, पांढरी. आई आधीच अकोल्याले मामाकडं गेली होती, अन् मे महिन्यात बाबा मले घेऊन मागून निघाले. विहिरीवरची मोटर जळली होती, मूर्तिजापूरले वायडिंगले टाकली होती, ते झाली का पाहायचं होतं. बाजाराच्या रस्त्याले गाडी लावली. बाबांनी माह्या खिशातला कांदा चाचपून पाहिला, ऊन लागू नये म्हणून आईनं सांगितलेला. मंग सगळ्या काचा गच्च वर केल्या, झळ आत येऊ नये म्हणून.

"बाहेर ऊन हाये, गाडीतच राय. कोणालेही दार उघडू नको. पाच मिंटात आलो."

आमी वऱ्हाडातले लोक. उन्हाचं आमाले कोणी शिकवा लागत नाही. डोक्याले दुपट्टा, खिशात कांदा, अन् लेकरू आडोशाले. पण आमचं ऊन म्हणजे बाहेरचं. दार लावलेल्या गाडीत ते गुपचूप बसून वाढत जाते, हे काही आमच्या शिकवणीत नव्हतं. बाबांनी मले उन्हापासून वाचवाले आत ठेवलं होतं. मी हे कोणाले सांगतो तं लोक बाबाले शिव्या देतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

वायडिंगच्या दुकानात लाइन गेली होती. लोडशेडिंग. लाइन आल्याबिगर मोटर चालवून पाहता येत नाही, म्हणून मिस्त्रीनं बाबाले बसवलं, चहा सांगितला.

इकडं मी आधी स्टेअरिंगवर बसून अकोल्याले जाऊन आलो. मंग रेक्झिन मांड्यायले चिटकू लागलं. स्टेअरिंगले हात लावता येईना. मागच्या दाराले चाइल्ड लॉक होतं. पुढच्या दारायच्या खुंट्यायची टोपणं बाबांनी काढून टाकली होती, चोर तार घालून खुंटी वढते असं कोणीतरी त्याइले सांगितलं होतं. राहिला होता तो नुसता खिळा, अन् माहे बोटं घामानं घसरत होते. काचेचा दांडाही माह्यानं फिरेना. मंग मी मागच्या सीटवर पडलो. झोप येऊन राहिली होती, चांगली, गोड.

काचेबाहेर माणसं जमा झाले. त्या दिवशी मले किती ऐकू आलं अन् किती मी नंतर बसवलं, हे मले सांगता येत नाही, पण ते आवाज मले पाठ हायेत. एकाच्या तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता, तो नंबर प्लेट वाचे, "एमएच सत्तावीस. अमरावतीची हाये गाडी." एवढं वाचलं का त्याचं काम झालं. एक ऑटोवाला होता, "काच फोडू नका बावा, मालक आला तं भांडन आपल्या गळ्यात." एक सायकलवाले काका होते, "पाच मिंट वाट पाहू. येईनच. लेकरू सोडून कोणी जाते का." वाईट माणूस एकही नव्हता. एकानं तं आपल्या बाटलीतलं प्यायचं पाणी काचेवर ओतलं.

मंग त्याइच्या मधातून एक बाई आली. वांगे विकणारी. तिनं काचेले तोंड लावलं. पुढच्या दोन दातायमंदी फट होती, ते मले अजून दिसते. ती काहीतरी बोलली, ऐकू आलं नाही. मंग ती वरडली तवा आलं.

"झोपू नको, माय. माह्या मागं म्हण. हिरवे वांगे घ्या वोऽ, भाजले का लोणी, वांगे घ्या वोऽ."

मले कळेना गाडीत बसल्या बसल्या वांगे कायले विकायचे. पण ती म्हणत होती म्हणून मी म्हणलं. तिचा शेवटचा 'वो' वर चढे अन् तिथंच तुटे, जसा भरला पोहरा विहिरीच्या काठाशी येऊन थांबला. माहा काही चढेना.

"अजून एकदा म्हण."

मी म्हणलं.

"आता मोठ्यानं म्हण, गिऱ्हाईक दूर हाये."

मधामधात ती मागं वळून लोकायवर वरडे. "उभे कायले राहता? एकेक जण एकेका दुकानात जा, कोणाचं पोट्टं हाये इचारा." एक जण गेला, तो नेमका उलट्या बाजूले गेला. ऑटोवाला पुन्हा भांडनाचं बोलला. ती म्हणे, "काच नवी बसवता येते बावा. लेकरू बसवता येते का?"

मंग माहे ओठ हलणं थांबले असतील. ती गेली. मले वाटलं, गिऱ्हाईक आलं वाटते तिले. तराजूतलं दोन किलोचं वजन घेऊन ती परत आली, मले हातानं दाखवलं, डोळे मीट, तोंड झाक. माह्यापासून सगळ्यात लांबची, डायवर बाजूची काच तिनं फोडली. वजन काचेसंगं आत पडलं अन् सीटखाली गेलं. तिनं आतून दार उघडलं, मले खेचलं, निंबाखाली आपल्या पोत्यावर निजवलं. सदरा काढला. पदर भिजवून माही मान पुसली, काखा पुसल्या. खर्रेवाला पेपरनं वारा घालू लागला. एकदा काच फुटल्यावर सगळेच कामाले लागले.

तेवढ्यात बाबा पळत आले. रस्त्यावर काच पाहिली.

"काच कोणं फोडली?"

"म्या फोडली," वांगेवाली मावशी म्हणे.

त्याच्यानंतर बाबांनी मले पाहिलं. त्याइचं तोंड कसं झालं, ते मी भल्याभल्याच्या नकला केल्या तरी मले कधी काढता आलं नाही. त्याइनं मले उचललं, गाडीत टाकलं, डॉक्टरकडं गाडी काढली. मागून ती मावशी वरडत होती, "अवो भाऊ, वजन राह्यलं माहं." गाडी पळत होती अन् आवाज बारीक होत होता. बाबांनी ब्रेक मारला नाही.

डॉक्टरनं सलाईन लावली, मी वाचलो, म्हणून तं बडबड करून राहिलो.

वजन चार दिवसानं सीटखाली सापडलं. लोखंडी, सहा कोन, बुडाले शिशाचा ठिपका अन् त्याच्यावर सरकारी शिक्का. आई म्हणे, "ज्याचं त्याले देऊन या." बाबा म्हणे, "जाऊ कधीतरी." आई ते लोणच्याच्या बरणीवर ठेवे. दर उन्हाळ्यात लोणचं घाले, दर उन्हाळ्यात तेच म्हणे, दर उन्हाळ्यात बाबा तेच म्हणत. अकोल्याले जायचं झालं तं बाबा बायपासनं जात, गावात शिरत नसत. व्हॅनीची काच मात्र त्याइनं पुन्हा कधी गच्च वर केली नाही. पावसात आमी भिजत प्रवास केला.

आठेक वर्षांचा असताना मी एकदा जेवताना मावशीचं वरडणं काढलं. बाबा ताटावरून उठले अन् वावरात गेले. तवापासून घरात सगळ्याइचे आवाज चालत, सरपंचाचा, मामाचा, खुद्द बाबायचा, पण तो नाही. मी मंग तो आवाज वावरात म्हणायचो, एकटाच. पोट्ट्याइले आपल्या आजीची आठवण येते, मावशीची येते. मले अशा बाईची येत होती जिचं नाव माहीत नाही. सगळ्या वांगेवाल्याइच्या मी तोंडाकडं पाहायचो, दातात फट हाये का म्हणून.

गेल्या एप्रिलात राजापेठेत एका गाडीत खरंच लेकरू दिसलं. तीनेक वर्षांचं, कपाळाले केस चिटकलेले. मी पाणीपुरीवाल्याले म्हणलं, "क्लासमंदी जा, माइकवर गाडीचा नंबर सांगाले लाव." एका पोराच्या हातातलं हेल्मेट हिसकलं. अन् काचेले तोंड लावलं. काय बोलावं, सुचेना. तोंडातून आपोआप वांगेच निघाले. लेकरू माह्याकडं पाहत राहिलं. मी कुत्रा काढला, बकरी काढली, पुन्हा वांगे काढले. भोवताल लोक फोन वर करून उभे होते, त्याइले वाटलं मी कार्यक्रमच करून राहिलो. मी हेल्मेट उचललं अन् तेवढ्यात त्याचा बाप आला. मोठ्या पोरीले वर्गात सोडाले गेला होता. दार उघडलं, लेकरू रडलं. रडते म्हणजे बरं हाये. बाप मले म्हणे, "गाडीले हात कावून लावला? हे पाह्य, पेंटवर ओरखडा." मी म्हणलं, "काका, ओरखडा राहू द्या. आधी त्याले पाणी पाजा, डॉक्टरकडं न्या."

शनिवारी गावी गेलो, जेवताना हे सगळं आवाज काढून सांगितलं. पाणीपुरीवाला, फोनवाले, पेंटवाला बाप. सांगता सांगता वांगेही निघून गेले. मी थांबलो. बाबा उठले नाहीत. भाकर हातात तशीच होती.

"मी काय म्हणलं होतं?" बाबांनी इचारलं.

"कुठं?"

"मूर्तिजापूरले."

"तुमी म्हणले होते, काच कोणं फोडली."

"आधी तेच म्हणलं?"

"हो."

"तुले पाहायच्या आधी?"

मले थापा मारायले जीभ वळवा लागत नाही, तिची सवयच हाये. त्या दिवशी वळली नाही. "आधी," मी म्हणलं. आई चुलीपासून म्हणे, "ज्याचं त्याले देऊन या." बाबा पहिल्यांदा "कधीतरी" म्हणले नाहीत.

बाजाराच्या दिवशी बाबांनी वजन टॉवेलात बांधलं अन् आमी मूर्तिजापूरले गेलो. व्हॅनच, काचा खाली. बाबा इचारू लागले, "एक बाई होती, वांगे विकत होती." लोक म्हणत, "काका, इथं अर्धा बाजार वांगेच विकते." आता सगळ्याइपाशी इलेक्ट्रॉनिक काटे, दोन किलोचं लोखंडी वजन पाहून एक जण म्हणे, "भंगार तिकडच्या बाजूले घेतात." शेवटी मी रस्त्याच्या मधात उभा राहिलो अन् वरडलो.

"हिरवे वांगे घ्या वोऽ, भाजले का लोणी, वांगे घ्या वोऽ."

निंबाखाली टमाटेवाली एक बाई होती, तिची मान एकदम वर आली. म्हणे, "हा आवाज तुले कोणं शिकवला?"

"तिनंच."

"माह्याच बाजूले बसे. दोन पावसाळे झाले, आली नाही. गुडघे धरले तिचे. लेकीकडं हाये म्हणतात, अकोल्याच्या बाजूले. गाव मले माहीत नाही. येईन म्हणे कधी बाजाराले, गुडघे सुटले का."

बाबांनी टॉवेल सोडून वजन दाखवलं. तिनं ते हातात घेतलं, उलटं करून शिक्का पाहिला.

"याच्यापायी लय भांडनं झाले तिचे. वर्षभर दोन किलोचा गोटा लावून इकत होती. गिऱ्हाईक म्हणत, बाई, दगडात खोट हाये. मी म्हणलं, तुहं वजन गेलं कुठं? तं म्हणे, एका लेकरासंगं गेलं."

बाबा खाली बसले. मावशीच्या रिकाम्या जागेवर, मातीत.

"माह्यापाशी ठेवून जा," टमाटेवाली म्हणे, "आली का देईन."

"नाही बाई. मी देतो."

"कवा येईन काही भरोसा नाही."

"बसतो मी."

तवापासून बाबा बाजाराच्या दिवशी तिथं जाऊन बसतात. दुपट्टा डोक्याले, वजन मांडीपाशी. टमाटेवालीनं त्याइचं नाव चौकीदार ठेवलं. अकोल्याकडच्या ऑटोतून म्हातारी उतरली का ते अर्धे उभे राहतात, मंग बसतात. मले सुट्टी असली का मी पण जातो, गाड्या पाहत पाहत. गेल्या बाजारी ऊन कलून गेलं होतं, टमाटेवाली पोतं झटकून राहिली होती. मी म्हणलं, "चला आता." बाबा रस्त्याकडंच पाहत होते.

"अजून एकदा म्हण," ते म्हणले.

मी म्हणलं. वो वर चढला अन् तुटला. कोणी आलं नाही. बाबायचे ओठ माह्या मागं मागं हलत होते.