बियाण्याचं गिलकं

भांडी धुतलेलं पाणी तुम्ही कुठं टाकता? वेलमावशी ते टाकत नसे, वेलाला पाजत असे. म्हणून भांडीही राखेनंच घासायची. शेजारणीनं आणून दिलेल्या पाण्यात साबण दिसला की ओरडायची, "अगं भवाने, वेलाला फेस पाजतीस व्हय?"

पैठणकडच्या गावातून ती दुष्काळात तेव्हाच्या औरंगाबादेत आली. धरणाजवळचं गाव, आणि प्यायला पाणी नाही! आमच्या वस्तीत टँकर कधी यायचा, कधी नाही. पलीकडच्या नव्या इमारतींच्या भिंतींवर मात्र रोज पाणी मारलं जायचं, आणि ते मारायला मजुरीवर मावशीच असायची.

तिच्या घराच्या पत्र्यावर गिलक्याचा, म्हणजे घोसाळ्याचा, वेल होता. कोवळी गिलकी ती सालीसकट चिरायची, लसूण, हिरवी मिरची घालून परतायची, वरून दाण्याचं कूट. पाणी घालू का विचारलं, तर म्हणायची, "त्याच्यातच हाय की पाणी. झाकण ठेव अन् गप बस."

मी तेव्हा चळवळीची पत्रकं वाटायचे. तिला एखादं वाचून दाखवलं की म्हणायची, "लई भारी लिव्हलंय. आण हिकडं, बी वाळवायला कागद पाहिजे."

दरवर्षी एक चांगलं फळ ती बियाण्याला राखायची, निळी चिंधी बांधून. त्याला कुणी हात लावत नसे. एका साली पाण्यावाचून वस्तीतले बाकी सगळे वेल जळाले. सगळ्यांचं पुढचं बी त्या एका फळात होतं.

ते हिरवं असतानाच रुंद रस्त्यासाठी वस्ती हटवायला पथक आलं. आम्ही आपापली भांडी बाहेर काढत होतो. मावशी एकटी साहेबापुढं गेली.

"सायेब, घर पाडा. वेल तेवढा ऱ्हाऊ द्या. बी पिकलं की मीच उपटते."

"बाई, गिलकी मंडईत मिळतात," साहेब हसला. पत्रे वेलासकट खाली आले.

संध्याकाळी तीन विटांची चूल मांडून तिनं ते फळ शिजवलं. आतलं बी पांढरं, पोचट. दोरे दातांत अडकत होते. आम्ही नुसतेच चावत राहिलो.

"खा गं पोरी," ती म्हणाली, "आता राखायचं कशाला?"

ती सिल्लोडला लेकीकडे गेली. पुन्हा वेल लावला नाही, असं लेक सांगते. तिथंच कापूस वेचताना मावशी वारली. तिच्या घरावरून आज रस्ता जातो. मधल्या शोभेच्या झाडांना भर उन्हाळ्यात टँकरनं पाणी घालतात.

तुमच्या शेजारची वस्ती पाडायला यंत्र येईल, तेव्हा खिडकी लावून घेऊ नका. खाली उतरा. त्या माणसांच्या बाजूला उभे राहा.