जिंकायास जात नाही, अक्का

कुठलीही सायकल दिसली की तो आधी तिचं चाक अंगठ्याने दाबून बघायचा. मग ती पोस्टमनची असो, माझ्या मुलीची गुलाबी असो, की पोलिसांनी जप्त करून चौकीबाहेर गंजत ठेवलेली असो. दाबायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा, "हवा कमी अहे, अक्का." सायकलच्या मालकाशी ओळख असण्याची त्याला गरज वाटत नसे. एकदा चौकीतल्या हवालदाराने हटकलं, तर याने त्यालाच पंप आणायला सांगितला.

तुमच्याही शेजारी असा एखादा असेल. त्याला एकच गोष्ट उत्तम येते आणि बाकीचं सगळं घरच्यांना निस्तरावं लागतं. आमच्या याला त्याची आई कोथिंबीर आणायला पाठवायची आणि हा महाबलीपुरमला जाऊन यायचा. कोथिंबीर आणायचाच, नाही असं नाही. पण ती सायकलवरून आणलेली महाबलीपुरमची असायची, आणि तोवर घरात सांबार संपलेलं असायचं.

चेन्नईजवळ आवडी म्हणून गाव आहे, तिथल्या सरकारी क्वार्टर्समध्ये तो आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. माझे यजमान पुण्याहून बदली होऊन इथल्या फॅक्टरीत आले, त्याचे वडील आधीपासून तिथेच रंगकामाच्या विभागात होते. घर तंजावरकडचं मराठी. पहिल्यांदा त्याची आई माझ्याशी मराठीत बोलली तेव्हा मला वाटलं, या बाई माझी थट्टा करताहेत. "जेवायास या" काय, "आलों" काय! मग ऐकता ऐकता उलटंच वाटायला लागलं. त्यांची मराठी जुन्या तांब्यासारखी जड होती आणि माझी सांगलीची मराठी तिच्यापुढे परवाच दुकानातून आणल्यासारखी.

आमच्या मराठी मंडळाला मात्र असं काही वाटलं नाही. मंडळात सगळे महाराष्ट्रातून बदलीने आलेले. हळदीकुंकवाला त्याची आई आली की बायका तिला मुद्दाम बोलायला लावायच्या आणि पदराआड हसायच्या. सभासदत्वाचा विषय निघाला तेव्हा सेक्रेटरी म्हणाले होते, "माणसं चांगली आहेत हो. पण मराठी म्हणायचं का त्यांना, हा प्रश्न आहे." तो प्रश्न अनेक वर्षं विचाराधीन राहिला.

तो सुटला सायकलमुळे.

चेन्नईच्या दुसऱ्या टोकाला, पेरुंगुडीच्या कॉम्प्युटर कंपन्यांतली काही मंडळी मोटारीच्या किमतीच्या सायकली घेऊन रविवारी पहाटे समुद्रकाठच्या रस्त्याने जायची. अंगाला चिकटणारे कपडे, काळे चष्मे, आणि परत येताना इडली. हा वडिलांची लोखंडी कॅरिअरची सायकल घेऊन त्यांच्या मागे लागायचा आणि थोड्या वेळाने पुढे जायचा. त्यांतल्या एकाला ते असह्य झालं. त्याने स्वतःची जुनी सायकल याला देऊन टाकली. निदान चांगल्या सायकलकडून हरल्याचं समाधान तरी. त्यानंतर राज्याच्या स्पर्धा झाल्या, देशाच्या झाल्या, आणि शेवटी परदेशातल्या एका छोट्या संघाने त्याला वर्षभराच्या कराराने नोकरीवर ठेवलं. सायकल चालवायचा पगार मिळतो, हे त्याच्या वडिलांना शेवटपर्यंत पटलं नाही.

आणि मग एके दिवशी पेपरच्या आतल्या पानावर चार ओळी आल्या. युरोपातल्या तीन आठवड्यांच्या मोठ्या शर्यतीसाठी त्याची निवड झाली होती. चार दिवसांसाठी तो घरी आला होता, तेवढ्यात मंडळाने तातडीची सभा बोलावली. तो मराठी आहे, हे एकमताने ठरलं.

सभेत त्याला पुढच्या खुर्चीवर बसवलं. सेक्रेटरींनी विचारलं, "काय मग, चान्स किती?"

"कशाचा, सर?"

"जिंकण्याचा!"

"मी जिंकायास जात नाही, सर. पाणी आणायास जातों."

सगळे हसले. तो मात्र सांगत राहिला. संघाचा एक कप्तान असतो. जिंकलाच तर तो जिंकणार. बाकीच्यांनी त्याच्या पुढे राहून वारा अडवायचा, मागच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या आणून त्याला द्यायच्या, त्याची सायकल बिघडली तर आपली द्यायची. "माझी आणि कप्तानाची उंची एक अहे. म्हणून मला घेतलें."

"बघा!" सेक्रेटरी सभेकडे वळून म्हणाले, "याला म्हणतात विनय. हे आपले संस्कार!"

खरं बोलणाऱ्या माणसाचं तोंड बंद करण्याचा इतका सभ्य मार्ग मी पूर्वी पाहिला नव्हता.

पुढचे काही दिवस क्वार्टर्समध्ये दुसरा विषय नव्हता. सेक्रेटरींचे जावई पेरुंगुडीला नोकरीला. त्यांनी कॉम्प्युटरवर त्याच्या जिंकण्याची शक्यता काढून आणली. दशांश चिन्हानंतरचे आकडे त्यांनी मोठ्याने वाचले. चिन्हाच्या आधी काय आहे ते सांगितलं नाही. पत्रिका बघणारे एक गृहस्थ म्हणाले, तिसऱ्या आठवड्यात गुरू बळ देतो. दहीभातावर आल्प्स चढता येतो का, यावर दोन तट पडले आणि एका लग्नाच्या जेवणात ते पंगतीलाही एकत्र बसले नाहीत. ज्याच्यावरून हे चाललं होतं तो आमच्या जिन्यात बसून माझ्या हातची पुरणपोळी खात होता. तिसरी मागताना म्हणाला, "कप्तानाला नको सांगू, अक्का. वजन मोजतात."

"खरंच जिंकणार नाहीस का रे?"

"नाही, अक्का," तो तूप चाटत म्हणाला. त्यात दुःख नव्हतं, विनयही नव्हता. पाऊस आहे का विचारल्यावर नाही म्हणावं, तसं.

शर्यत सुरू झाली. मंडळाच्या हॉलमध्ये मोठा टीव्ही लावला. आपल्याकडे संध्याकाळ व्हायची आणि तिथे लख्ख ऊन असायचं. सूर्यफुलांची शेतं, जुने किल्ले, आणि रस्त्यावरून मुंग्यांसारखा सरकणारा सायकलींचा लोंढा. पहिला आठवडा तो दिसलाच नाही. एकदा दिसला, तो सगळ्यांच्या मागे, गाडीच्या खिडकीतून बाटल्या घेताना. त्या त्याने पाठीवरच्या खिशात भरल्या, मानेमागे कोंबल्या, एक तोंडात धरली.

"डावपेच आहे," सेक्रेटरी म्हणाले. "मागे राहून सगळ्यांचा अंदाज घेतोय."

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी रोजचा निकाल खालून वाचायला सुरुवात केली. खालून पाहिलं तर तो नेहमी वरच्या नंबरात असे.

त्याची आई रोज यायची आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसायची. शर्यतीतलं तिला काही कळत नसे. मधूनच मला विचारायची, "पडला नाही की?" नाही म्हटलं की पुन्हा हातातल्या शेंगांच्या शिरा काढायला लागायची.

तिसऱ्या आठवड्यात डोंगराचा सगळ्यांत अवघड टप्पा होता. त्या दिवशी हॉलमध्ये मी उशिरा पोचले, तर आत आरडाओरडा. तो पुढे होता. सगळ्यांच्या पुढे! सकाळीच चारपाच जण लोंढ्यातून निसटले होते, त्यांच्याबरोबर संघाने यालाही पाठवलं होतं. पुढे कुणी आपलं असावं, कप्तानाला गरज पडली तर. बाकीचे चढणीवर एकेक करून गळाले आणि हा उरला. पडद्यावर तो एकटा, तोंड उघडं, खांदे डुलताहेत, दोन्ही बाजूंनी माणसं ओरडताहेत. इंग्रजी समालोचक त्याचं नाव दर वेळी वेगळं उच्चारत होता.

"जिंकला! जिंकला!" सेक्रेटरी खुर्चीवर चढले. जावयांनी त्यांना समजावलं की हा एकच टप्पा आहे, अख्खी शर्यत नव्हे. "तू गप रे," सेक्रेटरी म्हणाले. पण त्या एका टप्प्याचीही किंमत मोठी होती, हे जावयांच्या कापऱ्या आवाजावरून कळत होतं. दशांश चिन्हाआधी आता बहुधा काहीतरी आलं असावं.

मग त्याने कानाला हात लावला. कानात संघाचा रेडिओ असतो. मान हलवली. पुन्हा पेडल मारायला लागला. उजवीकडचं वळण गेलं, डावीकडचं गेलं. आणि तो थांबला. एक पाय रस्त्यावर टेकून, मागे बघत, उभाच राहिला.

"थांबला?" सेक्रेटरी खुर्चीवरूनच म्हणाले. "अरे, हा गाढव थांबला का?"

मागून कप्तान आला, चाकातली हवा गेलेली, चेहरा पांढराफटक. संघाची गाडी कुठेतरी खाली अडकली होती. याने आपली सायकल त्याच्या हातात दिली, पाठीला हात लावून ढकललं, आणि कप्तान निघून गेला. हा त्याची बसकी सायकल धरून रस्त्याच्या कडेला उभा. कोंबड्याचा वेश केलेल्या एका प्रेक्षकाने त्याला मिठी मारली. त्याच्याजवळून एकेक जण पुढे गेला, आणि कॅमेराही.

"पडला काय?" आईने घाबरून विचारलं.

"नाही, पडला नाही. थांबला."

"पडला नाही तर हे ओरडतात कशास?" असं म्हणून ती शेंगांचं ताट उचलून घरी गेली.

सेक्रेटरींनी त्याच संध्याकाळी, मराठी माणूस मागे का राहतो, यावर अर्धा तास भाषण केलं. याला पुन्हा तंजावरकडचा ठरवावा, अशीही कुजबुज झाली. पण शर्यत संपली तेव्हा त्याचा कप्तान पहिला आला होता, आणि डोंगरावरची ती सायकल मिळाली नसती तर आला नसता, असं सगळे पेपर म्हणत होते. मंडळाने फेरविचार केला. आपणच जिंकलो, असं ठरलं.

सत्काराला फ्लेक्स आधीच छापून तयार होता. 'विजेता' या शब्दावर काय चिकटवावं, यावर चर्चा झाली आणि शेवटी तिथे हार सोडण्यात आला. सेक्रेटरी त्यागावर बोलले. प्रमुख पाहुणे, कुठल्याशा कंपनीचे साहेब, म्हणाले, "आमच्या कर्मचाऱ्यांनी यांच्याकडून शिकावं. सांगितल्याबरोबर थांबले! एक प्रश्न नाही, एक तक्रार नाही." टाळ्या झाल्या. तो खाली मान घालून शालीच्या गोंड्याशी खेळत होता. दोन शब्द बोला म्हटल्यावर तो उठला, "नमस्कार, फार बरं वाटलें," म्हणाला आणि बसला. शब्द मोजून दोनापेक्षा जास्तच झाले होते, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती.

घरी परतताना जिन्यात मी त्याला म्हटलं, "खरंच किती पटकन थांबलास रे! मला नसतं जमलं."

तो पायरीवर बसला. शाल मांडीवर घेतली.

"पटकन नाही, अक्का," मग म्हणाला. "कानांत सांगितलें, थांब. मला ऐकूं आलें. मी ऐकूं आलें नाही असं केलों."

"म्हणजे?"

"दोन वळणं तसाच गेलों. पुन्हा सांगितलें, पुन्हा गेलों. तिसऱ्या वेळेस माझं नाव घेतलें." तो हसला, पण हसू नीट जमलं नाही. "वर शेवटाची कमान दिसत होती, अक्का. मला वाटलें, आज जिंकूं."

दिवसभर जो तो त्याला शहाणपणाबद्दल शाबासकी देत होता, आणि त्याला आठवत होतं ते वेडेपण.

"मग चान्स होता म्हणायचा," मी उगीच म्हटलं.

"होता की," तो म्हणाला. "दोन वळणं होता."

वरून आईने जेवायला हाक मारली. तो उठला, दोन पायऱ्या चढला आणि वळून म्हणाला, "अम्मास सांगूं नको. तिला वाटतें मी कोणाचं ऐकत नाही ते फक्त घरांत."

त्यानंतर थोड्याच महिन्यांनी त्याचे वडील निवृत्त झाले. क्वार्टर सोडायचं, आईवडिलांनी तंजावरला जायचं, असं ठरलं. संघाने त्याचा करार वाढवला होता. सांगितलेलं ऐकतो म्हणून, असं तोच हसत म्हणाला. तो शेवटचा गेला ती सकाळ मला लख्ख आठवते. विमानतळावर सोडायला मंडळाची गाडी येणार होती. ती आली नाही; सेक्रेटरींनी नंतर सांगितलं की आदल्या दिवशी क्रिकेटचा सामना होता, सगळे दमले होते.

शेवटी रिक्षा आणली. सायकलचं खोकं रिक्षाहून रुंद. ते आडवं घातलं, दोन्ही बाजूंनी बाहेर आलं, आणि त्याच्या पाठीमागच्या जागेत हा गुडघे पोटाशी घेऊन कसाबसा बसला. आईने आत वाकून त्याच्या कपाळाला अंगारा लावला आणि म्हणाली, "मेल्ल जा रे."

मेल्ल म्हणजे सावकाश. तिने मुलाला सांगितलं होतं, पण तमिळ शब्द ऐकून रिक्षावाल्याला वाटलं, आपल्यालाच. "सरि, अम्मा," म्हणाला आणि त्याने आईचा शब्द अक्षरशः पाळला. रिक्षा इतकी हळू निघाली की आम्ही फाटकापर्यंत तिच्या बरोबरीने चालत गेलो. बाहेरच्या रस्त्यावर पहिल्या पाळीला निघालेला फॅक्टरीतला एक वयस्क कामगार, हँडलला डबा अडकवून, सायकलवरून मागून आला. रिक्षाच्या बाजूने वाट काढत आरामात पुढे गेला.

खोक्याच्या कडेने याचं डोकं बाहेर आलं. मला वाटलं, आम्हाला हात करणार. आईनेही हात वर केला. पण तो पुढे बघत होता, त्या सायकलकडे, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला.