आठ नंबरचा रॉड

कराडच्या संगमाखाली सकाळी मासे धरून परत पाण्यात सोडणारे आम्ही दोघंच. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. बोलणं म्हसवडकडचं, पायात रबरी चपला आणि एका जागी उभं राहणं माहीतच नाही.

माझा रॉड पाच नंबरचा, हलका. मासा लागला की कमानीसारखा वाकतो, मासा बराच वेळ झुंजतो, आणि मला त्यातच मजा. त्याचा आठ नंबरचा, दणकट. मासा तो झटपट काठाला आणायचा, हात ओले करून गळ काढायचा आणि सोडून द्यायचा. मग मात्र त्याला चैन पडायची नाही. रॉड तिथंच ठेवून तो काठाकाठानं खाली चालत जायचा, सोडलेल्या माशाचं पांढरं पोट वर आलंय का बघत.

एकदा मी वैतागून म्हणालो, "अहो, सोडायचाच आहे तर एवढा जाड रॉड कशाला? जरा खेळवा की!"

"खेळ आपला हाय, दम त्येचा जातोय," तो म्हणाला. "लय दमला की सोडूनबी मरतोय."

त्याच सकाळी मला मोठा खडस मासा लागला. मी मुद्दामच खेळवला. काठावर तो माणूस येरझाऱ्या घालत होता. "आवं, वढा की आता!"

मी मासा सोडला, तसा तो माणूस काठानं खाली निघाला. बऱ्याच वेळानं परतला.

"न्हाई दिसला," तो हसला. लगेच हसू मावळलं. "का फुडं वाहून गेला असंल?"

माझ्या सकाळी त्या माणसानं नासवल्या. मासा सोडला की आता मीही काठानं चालत जातो. पाणी स्वच्छ असतं, काही दिसत नाही, आणि तरी पुढचं वळण उरतंच.