अंगात आलेली चक्कर

लढाईच्या वर्षांत आमच्या गावात तापाची साथ आली आणि घरोघरी माणसं अंथरुणाला खिळली. माझा ताप थोड्या दिवसांत उतरला, पण जाताना माझा तोल घेऊन गेला. उठून उभी राहिले की घर फिरायचं. उजवीकडे जायचं मी ठरवावं आणि पाय डावीकडे निघावेत. तेव्हा मी विशीतही नव्हते. नवरा पलटणीत होता, समुद्रापार कुठेतरी, आणि त्याची खुशाली येऊन बरेच महिने उलटले होते.

माझं सासर कराडजवळ कृष्णाकाठी आणि माहेर कुंडलचं. आमच्या कुंडलच्या पोरी डोक्यावर दोन घागरी घेऊन गप्पा मारत चढ चढतात, अशी माहेरच्यांची बढाई. त्या बढाईची मी पार माती केली. आजारातून उठून पहिल्यांदा नदीवर गेले ती येताना पाणंदीत दोन्ही घागरी अंगावर ओतून घेतल्या. मागून येणारी शेजारीण म्हणाली, "बाई गं, आंगूळ घरात करत्यात." एरवी मी तिला सोडलं नसतं, पण तोंड उघडायचं तर आधी उभं राहता यायला हवं होतं.

मग मी माझ्यापुरत्या युक्त्या शोधल्या. जातं फिरताना त्याच्याकडे बघितलं की पोटात ढवळायचं, आणि डोळे मिटले की मी कलंडायची. म्हणून मी जात्याशी भिंतीला पाठ लावून बसायला लागले आणि समोरच्या खुंटीवर नजर ठेवून दळायला लागले. कुणी हाक मारली तर नुसती मान न वळवता बैलगाडी वळवावी तशी सगळीच्या सगळी वळायचे. अंगणातून गोठ्यात जाताना एक हात भिंतीवर असायचा, त्यामुळे सारवलेल्या भिंतीवर माझ्या बोटांची एक लांब वाट उमटली होती. शेजारणीने मीठ-मोहऱ्यांनी माझी दृष्ट काढली. चुलत सासऱ्यांनी आल्याचा रस पाजला. त्याने तोंड मात्र चांगलं भाजलं.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. बाई बोलायला फार महाग. मुलगा लढाईवर गेल्यापासून तर त्यांनी त्याचा विषयच काढला नव्हता. त्या काढत नाहीत म्हणून मी काढत नव्हते, आणि सासरे आम्ही दोघी काढत नाही म्हणून गप्प. त्याची जेवायची पितळी ताटाळ्यात तशीच उभी असायची, आणि भांडी लावताना आम्ही दोघीही ती सोडून बाकीची लावायचो.

आत्याबाई मला गाडीत घालून कराडला डॉक्टरकडे घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाले, तापानं कानाच्या आत इजा झालीय, तोल तिथूनच सांभाळला जातो, हळूहळू सुधारेल, पण पडून राहू नका, चालत राहा. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी माझ्या डोक्यावर रिकामी घागर ठेवली आणि उसाच्या बांधावर उभी केली.

"चल. खाली बघू नगं. त्या बाभळीकडं बघ."

मी चालले आणि थेट उसाच्या सरीत. घागर एकीकडे, मी दुसरीकडे.

"ऊठ," एवढंच त्या म्हणाल्या.

हे रोज चाललं. लागलं का, म्हणून त्यांनी कधी विचारलं नाही. मला असा संताप यायचा की सरीतल्या सरीत मी त्या उसालाच चार शब्द सुनावायची. बाई मागून चालायच्या, एक हात माझ्या पाठीच्या जवळ, पण न लागता. हे मला खूप उशिरा कळलं, कारण मागे वळून बघायची माझी प्राज्ञा नव्हती. हळूहळू मी कमी पडायला लागले. घागरीत आधी तांब्याभर पाणी आलं, मग अर्धी घागर.

आमच्या गावात दर मंगळवारी संध्याकाळी देवीची आरती व्हायची. गर्दी, धूप, हलगीचा ठेका, आणि डोळ्यांसमोर गोल गोल फिरणारं ते आरतीचं ताट. जात्यावर निदान खुंटी तरी होती. इथे माझी नजर त्या ताटाबरोबर फिरली आणि पाठोपाठ मीही डुलायला लागले.

"हिच्या अंगात आलं," शेजारीण ओरडली. बायकांनी भराभर जागा केली. कुणी माझा अंबाडा सोडला, कुणी कपाळभर मळवट भरला.

"आवं, मला चक्कर येतीया," मी म्हणाले. "मी देवी न्हाई."

"आई आपली परीक्षा बघतीया," शेजारणीने सगळ्यांना समजावलं आणि पदर पसरून माझ्यापुढे बसली. "आई, माझी म्हस कालधरनं घरला आली न्हाई. कुठं हाय ती?"

"मला जरा बसू द्या गं."

"बसलीया म्हनती," ती बायकांकडे वळून म्हणाली. दुसऱ्या दिवशी म्हैस सापडली, नदीच्या डोहात बसलेली. आता म्हैस पाण्यात बसणार नाही तर काय देवळाच्या पायरीवर? पण सांगायचं कुणाला. गावभर माझं नाव झालं. पाणंदीत मला बायका वाट द्यायला लागल्या, आणि खरं सांगायचं तर तेवढं एक मला आवडलं.

पुढच्या मंगळवारी मी आत्याबाईंना सांगितलं, "म्या न्हाई येनार देवळात." मला वाटलं, त्या खूश होतील. अंगात येणाऱ्या बायांचा त्यांना मनापासून तिटकारा होता, कामं चुकवायला सोंगं करत्यात, असं म्हणायच्या. पण त्या दिवशी त्यांनी लुगड्याचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "चल."

मी खांबाला पाठ लावून उभी राहिले, नजर घंटेच्या कडीवर. बांधावरच्या शाळेचा आता उपयोग होत होता. आरती झाली तरी मी ताठ. बायका तरीही वाट बघत होत्या. तेवढ्यात गर्दीतून आत्याबाई पुढे आल्या आणि त्यांनी सगळ्यांदेखत माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

"माझा ल्योक लढाईवर हाय," त्या म्हणाल्या. "माघारी येल का?"

हाच प्रश्न मी दळताना, थापताना, सरीत पडल्या पडल्या स्वतःला विचारत होते आणि उत्तराची भीती वाटून तिथेच सोडून देत होते. घंटेच्या कडीवरची नजर काढून मी खाली त्यांच्याकडे बघितलं.

"येनार," मी म्हणाले. "माघारी येनार."

मी त्यांना दंडाला धरून उठवलं. उठताना आम्ही दोघी एकदमच डुललो, आणि बायकांनी हात जोडले.

घरी जाताना पहिल्यांदाच त्यांनी माझं कोपर धरलं होतं. मला राहवेना. "आत्याबाई, माझ्या अंगात देवी-बिवी कोन न्हाई. चक्कर हाय ती."

"मला ठावं हाय. रोज बांधावरनं कोन पडतंय, देवी व्हय?"

"मग मला कशाला इचारलंसा?"

त्या म्हणाल्या, "घरात कसं इचारू? तू रडली असतीस, म्या रडले असते, आन् ह्यांनी ताटावरनं हात उचलला असता. तितं इचारलं तर कोन काय म्हनत न्हाई. तुझं काळीज काय म्हनतंय ती ऐकायचं हुतं मला."

त्यानंतर घरात त्याचा विषय निघायला लागला. आम्ही दोघी जात्याला बसायचो आणि त्या त्याच्या लहानपणच्या खोड्या सांगायच्या, कधी कधी इतक्या हसायच्या की खुंटा हातातून सुटायचा. सासरेही दारात येऊन उगाच पान लावत ऐकत बसायचे. माझी चक्करही सरत गेली. पूर्ण म्हणाल तर नाही. आजही माळ्यावरचं काही काढायला मान वर केली की घर थोडं हलतं. मी थांबते, समोर काहीतरी धरून ठेवते नजरेनं, आणि घर जागेवर येतं.

लढाई संपल्यावर तो आला. वाळलेला, काळवंडलेला, हातात एक ट्रंक, पण धडधाकट. आत्याबाईंनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ताटात खण, नारळ आणि तांदूळ काढले. देवळात निघाल्या असतील म्हणून मी दार उघडून धरलं. त्यांनी मला पाटावर बसवलं आणि माझीच ओटी भरायला घेतली.

"आवं, आधी देवीची भरा की," मी म्हणाले.

"देवीला म्या इचारलं कवा?" त्यांनी नारळ माझ्या पदरात ठेवला. "इचारलं हुतं तुला."