द्रौपदीमावशींची चप्पलजप्ती

घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात साथीच्या तापाचा वॉर्ड वेगळा आहे. मी तिथली सिस्टर, आणि द्रौपदीमावशी तिथल्या आया. पेशंट आला की त्या आधी त्याच्या चपला काढून घेतात आणि दाराबाहेरच्या टेबलाखाली ठेवतात. फ्लूने दम लागलेला माणूस एकटा उठला की चक्कर येऊन पडतो. बेल दाबा, असं सांगून माझा घसा बसला, पण आम्ही मास्क-गाऊन चढवून येईपर्यंत कोणाला धीर नसतो. मात्र संडासात अनवाणी जायला आपला माणूस मेला तरी तयार होत नाही. चपलांसाठी तो मुकाट बेल दाबतो. मावशींच्या पाळीत अजून कोणी पडलेलं नाही.

गेल्या महिन्यात मावशींनाच फ्लू झाला आणि त्या आमच्याच वॉर्डात भरती झाल्या. मी त्यांच्या चपला जप्त केल्या. दुपारी बघते तर मावशी भिंत धरून एकट्याच संडासाकडे निघालेल्या, पायांत नव्याकोऱ्या चपला.

"या कुठून आल्या?"

"घरून येतानाच पिशवीत घातल्या," मावशी धापा टाकत म्हणाल्या. "इथे काय करतात, ते मला माहीत नाही का?"